गावच्या निवडणुकीचा निकाल : अंश आणि छेद

(मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना येथील मासिक बैठकीत केलेले भाषण. वाचनाच्या सोयीसाठी किंचित संपादित.)



आजचा विषय 'स्थानिक निवडणुकांचे निकाल कसे वाचावेत' असा ठरला, तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, की अमुक उमेदवाराबद्दल बोलणार का? तर नाही. एक म्हणजे आपलं व्यासपीठ करमुक्त संस्थेचं आहे, आणि अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. दुसरं म्हणजे, कोण निवडून आलं हे तुम्हाला वर्तमानपत्रातून कळतंच. मला बोलायचंय ते निकालाच्या कागदावर जे छापलेलं नसतं त्याबद्दल.

मी व्यवसायाने संशोधक. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. कुणी म्हणालं, की 'साठ टक्के रुग्णांना गुण आला', तर आमचा पहिला प्रश्न असतो, 'साठ टक्के कशाचे?' शंभर रुग्णांनी औषध सुरू केलं, पन्नास मध्येच सोडून गेले, आणि उरलेल्या पन्नासातल्या तिसांना गुण आला, तर तो साठ टक्के की तीस टक्के? चाचणीच्या शास्त्रात नियम असा, की जे सुरुवातीला यादीत होते ते सगळे छेदात मोजायचे. सोडून गेलेल्यांना विसरलं की कुठलंही औषध गुणकारी दिसतं.

निवडणुकीचा निकालही असाच वाचायला हवा. 'साठ टक्के मतांनी विजयी' हे वाक्य ऐकलं की विचारायचं, साठ टक्के कशाचे?

आधी आपलं गाव घेऊ. १८७५ साली अधिकृतपणे स्थापन झालेलं हे रेल्वे स्टेशनाचं लहानसं गाव. १९५९ मध्ये शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क उभं राहायला सुरुवात झाली आणि पुढे सगळं बदललं. जनगणनेचे आकडे सांगतो. २००० साली मॉरिसव्हिलची लोकसंख्या होती ५,२०८. २०१० साली १८,५७६. २०२० साली २९,६३०. म्हणजे वीस वर्षांत साडेपाच पटींहून जास्त. २०२० च्या जनगणनेत इथले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक आशियाई वंशाचे निघाले, आणि त्यात मोठा वाटा आपल्या भारतीयांचा. एव्हिएशन पार्कवेवरच्या मंदिरात दिवाळीला गाडी लावायला जागा मिळत नाही, हे सांगायला जनगणना लागत नाही म्हणा.

या गावाचा कारभार टाउन कौन्सिल पाहते. एक महापौर आणि सहा सदस्य. मुदत चार वर्षांची, पण सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. दर विषम वर्षी, नोव्हेंबरमध्ये, काही जागांची निवडणूक होते. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. रोजचा कारभार नेमलेला टाउन मॅनेजर चालवतो आणि धोरण कौन्सिल ठरवते. आपल्याकडच्या नगरपालिकेत मुख्याधिकारी आणि नगरसेवक असतात, साधारण तसंच.

ही कौन्सिल करते काय? शाळा तिच्या हातात नाहीत, त्या काउंटीच्या पातळीवर येतात. पण पोलीस, अग्निशमन, बागा, कुठल्या जमिनीवर घरं बांधायची आणि कुठे दुकानं, गावाच्या मालमत्ता कराचा दर, हे सगळं तिथे ठरतं. तुमच्या घरामागचं जंगल तोडून तिथे तीनशे अपार्टमेंट्स होणार की नाही, हे वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. ते टाउन हॉलमध्ये ठरतं, आणि त्या रात्री सभागृहात बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात.

चर्च स्ट्रीट पार्कमधलं क्रिकेटचं मैदान सगळ्यांना माहीत आहे. २०२३ साली मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या हंगामाचे सामने टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरीत आणि आपल्या मॉरिसव्हिलमध्ये झाले. आपण अभिमानाने भारतात फोटो पाठवले. पण ते मैदान गावाच्या मालकीच्या बागेत आहे. अमेरिकेतल्या एका गावाने सार्वजनिक जागेत बेसबॉलऐवजी क्रिकेटची खेळपट्टी करावी, हे कौन्सिलच्या बैठकीत कुणीतरी मांडलं, कुणीतरी विरोध केला असेल, कुणीतरी पैसे मंजूर केले. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली मोफत स्मार्ट शटल तशीच. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील भारतातून येतात, त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांना बागेत, वाचनालयात नेणारी ती छोटी बस म्हणजे कौन्सिलचा एक निर्णय.

आपल्यासारखी नावं मतपत्रिकेवर दिसू लागली त्याला फार काळ झाला नाही. स्टीव्ह राव २०११ साली पहिल्यांदा निवडून आले. पुढे सतीश गरिमेला आले. हा बदल मोठाच आहे. पण तेवढ्यावर टाळ्या वाजवून थांबलो तर आपण फक्त अंश वाचला असं होईल.

आता छेद वाचू. मी एक हिशेब मांडतो. यातले आकडे मी गृहीत धरलेले आहेत, मॉरिसव्हिलचे अधिकृत नव्हेत. पद्धत समजावी एवढाच हेतू. समजा गावात शंभर माणसं. त्यातली पंचवीस अठरा वर्षांखालची. राहिले पंचाहत्तर. त्यातले वीस नागरिक नाहीत, म्हणजे कुणी एच-वन व्हिसावर, कुणी ग्रीनकार्डावर, कुणी कागदपत्रांशिवाय. राहिले पंचावन्न. त्यातल्या दहांनी नाव नोंदवलेलंच नाही. राहिले पंचेचाळीस. विषम वर्षातली निवडणूक, राष्ट्राध्यक्षपदाचा गाजावाजा नाही, म्हणून पाचातला एक मत द्यायला गेला. झाली नऊ मतं. त्यातली पाच मिळाली की उमेदवार विजयी. निकालात छापून येणार, '५५.६ टक्के मतं'. आणि गाव शंभरांचं.

मी आकडे फुगवतोय असं वाटेल. पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये मोठ्या शहरांतल्या महापौरपदाच्या निवडणुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तीस शहरांपैकी दहा शहरांत मतदान पंधरा टक्क्यांहूनही कमी होतं, आणि मत देणाऱ्यांचं मध्यवर्ती वय ५७ होतं. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप घरी, आणि गावाचं भवितव्य ठरवतात निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे लोक. ज्येष्ठांनी मत देऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. ते जातात, हे त्यांचं कौतुकच. प्रश्न न जाणाऱ्यांचा आहे.

आता या न जाणाऱ्यांचे दोन गट करायला हवेत, कारण आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. एक गट, ज्यांना मत आहे पण ते देत नाहीत. दुसरा गट, ज्यांना द्यायचंय पण मत नाही.

दुसऱ्या गटाबद्दल आधी बोलतो. मी २००२ साली पीएच.डी.साठी इथे आलो आणि २०१६ मध्ये नागरिक झालो. मधली चौदा वर्षं कर भरत होतो, त्यातली शेवटची काही वर्षं याच गावात मालमत्ता कर. माझं नशीब चांगलं, कारण माझी रांग त्या काळातली. आज नोकरीच्या आधारावर ग्रीनकार्ड मागणाऱ्या भारतीयाची स्थिती तुम्हाला मी सांगायला नको. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्के, ही कायद्यातली मर्यादा. भारत असो की आइसलँड, टक्का तोच. त्यामुळे आज रांगेत उभा राहिलेला मुलगा केस पांढरे होईपर्यंत उभाच राहतो. इथेच वाढलेली त्याची मुलं एकवीस वर्षांची झाली की आश्रित म्हणून असलेला दर्जा गमावण्याची टांगती तलवार. ग्रीनकार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे आणखी पाच वर्षं. या सगळ्या काळात तो घर घेतो, कर भरतो, शाळेत स्वयंसेवक म्हणून जातो, आणि निवडणुकीच्या दिवशी त्याची गणती शून्य.

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी मत देऊन बाहेर आलो तर पार्किंगमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या आई उभ्या होत्या. सून मत द्यायला आत गेली होती. त्या सातारा जिल्ह्यातल्या, आता ग्रीनकार्डावर मुलाकडे असतात. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे मत द्यायला रांग कशी नाही हो? आमच्याकडे झेडपीला उन्हात तासतास उभं राहावं लागायचं." मी म्हटलं, "काकू, इथे लोक येतच नाहीत." त्यावर त्या म्हणाल्या, "आणि मी आलेय तर मला आत घेत नाहीत." त्या हसून बोलल्या, पण बोलल्या ते खरं होतं. चाळीस-पन्नास वर्षं ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही मतदान न चुकवलेली बाई, आणि ज्या गावात तिची नातवंडं वाढताहेत तिथे ती पार्किंगमध्ये उभी.

हे असंच असायला हवं का? जगात सगळीकडे असंच आहे का? तर नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या.

माझा एक चुलतभाऊ डॉक्टर आहे, तो कामाच्या व्हिसावर इंग्लंडला गेला. काही महिन्यांत त्याच्या घरी कौन्सिलचं पत्र आलं, की या घरात मतदार कोण कोण राहतात ते कळवा. त्याला वाटलं चुकून आलंय. चुकून नव्हतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशाच्या नागरिकाला मताचा अधिकार आहे, स्थानिक निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर, विद्यार्थी व्हिसावर असलेला मुलगासुद्धा तिथे मत देऊ शकतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की स्थानिक निवडणुकीला उभाही राहू शकतो.

यात इंग्रजांचा उदारपणा कमी आणि इतिहास जास्त आहे. साम्राज्याची सगळी प्रजा 'ब्रिटिश प्रजाजन' मानली जायची. त्यामुळेच दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून येऊ शकले. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ साली सेंट पँक्रस या लंडनच्या विभागाचे नगरसेवक झाले आणि १९४७ पर्यंत राहिले. आपल्याला ते संरक्षणमंत्री म्हणून माहीत, पण त्याआधी एका इंग्लिश कौन्सिलमध्ये बसून ते तिथल्या वाचनालयांचा विस्तार करत होते. साम्राज्य गेलं, मताचा अधिकार राहिला.

इंग्लंडच्या बऱ्याच भागात दोन पातळ्यांची व्यवस्था आहे. वर काउंटी कौन्सिल, तिच्याकडे शाळा, मोठे रस्ते, वृद्धांची देखभाल. खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल, तिच्याकडे कचरा, घरबांधणीच्या परवानग्या, घरकुलं. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने या दोन पातळ्या एकत्र करायचं धोरण जाहीर केलं, त्यामुळे डिस्ट्रिक्ट कौन्सिलं टप्प्याटप्प्याने जाणार आहेत. निवडणुका सहसा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. निकालाचा कागद मोठा वाचनीय असतो. वॉर्डाचं नाव, प्रत्येक उमेदवाराची मतं, बाद मतं, आणि बहुतेक ठिकाणी एकूण मतदार आणि मतदानाची टक्केवारीही त्याच कागदावर. म्हणजे छेदाचा एक भाग तरी समोर असतो.

तिथे मतदान भरघोस होतं असा समज करून घेऊ नका. स्थानिक निवडणुकीला तीस-पस्तीस टक्के म्हणजे बरं मानतात. अधिकार दिला की माणूस आपोआप जातो असं नाही. पण न जाणं हा त्याचा निर्णय असतो.

आणि अधिकार आला की सगळं गोड होतं असंही नाही. लेस्टरचं उदाहरण आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी नीट अभ्यासावं. ऑगस्ट २०२२ मध्ये आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना झाला, आणि पुढचे काही आठवडे लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. मे २०२३ मध्ये तिथे सिटी कौन्सिलची निवडणूक झाली. ५४ जागांपैकी २०१९ मध्ये लेबर पक्षाकडे ५३ होत्या, त्या ३१ वर आल्या. कॉन्झर्वेटिव्ह पक्षाला २०१९ मध्ये एकही नव्हती, त्याला १७ मिळाल्या. आता याचं एकच कारण काढणं चुकीचं. लेबर पक्षाने आपल्याच एकोणीस नगरसेवकांना पुन्हा उमेदवारी नाकारली होती, त्यातले काही नाराज होऊन समोर उभे राहिले. स्थानिक कारभाराबद्दल नाराजी होतीच. पण भारतीय वस्तीच्या भागांत मतं कशी फिरली, याची चर्चा तेव्हा सगळीकडे झाली, आणि त्या चर्चेत कचरा, बस, घरं यांच्याऐवजी धर्म हा शब्द जास्त आला. सातासमुद्रापलीकडचं भांडण वॉर्डाच्या मतपेटीत उतरलं, तर वॉर्डाचे प्रश्न कोण सोडवणार?

म्हणून 'आपला माणूस निवडून आणा' या घोषणेबद्दल मला थोडी धास्ती वाटते. आपला म्हणजे कोण? भारतीय? मराठी? अमुक जातीचा? कौन्सिलमध्ये आपल्यासारखा चेहरा दिसला की मुलांना ही जागा आपलीही आहे असं वाटतं, हे मी मान्य करतो. पण मत देताना विचारायचा प्रश्न असा, की हा माणूस परवडणारी घरं बांधू देणार का, फुटपाथ करणार का, पोलिसांच्या वागणुकीबद्दल प्रश्न विचारणार का. नाव राव असो की जॉन्सन.

आता तिसरं ठिकाण, आपलं महाराष्ट्र. तिथे वेगळीच तऱ्हा झाली. मुंबई आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला वाद, प्रभागरचनेचे बदललेले कायदे, यांत निवडणुका अडकल्या. प्रशासक नेमले गेले. जिल्हा परिषदा, नगरपालिका, एकामागून एक प्रशासकांच्या हाती गेल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा प्रयत्न करा. तरी मुंबईत मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू करून देशाला पंचायत राज्याचा धडा देणारं राज्य, १९९२ च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं बंधनकारक केलेलं, आणि तिथे जवळजवळ चार वर्षं कोट्यवधी लोकांना नगरसेवकच नाही.

म्हणजे तीन ठिकाणं, तीन तऱ्हा. महाराष्ट्रात मत होतं, निवडणूक नव्हती. मॉरिसव्हिलमध्ये निवडणूक वेळेवर होते, पण गावातल्या पुष्कळांना मत नाही. इंग्लंडमध्ये दोन्ही आहे, आणि निम्म्याहून जास्त लोक घरी बसतात. निकालाचा कागद मात्र तिन्हीकडे सारखाच दिसतो. विजयी, पराभूत, मतांचा फरक.

इथे कुणी म्हणेल, की नागरिकत्वाला काही अर्थ आहे की नाही? व्हिसावर आलेल्याला मत दिलं तर नागरिक व्हायचं कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशाचं परराष्ट्र धोरण, युद्ध, घटना यांवर मत द्यायचं तर निष्ठेची शपथ हवी, हे समजण्यासारखं आहे. पण फुटपाथ आणि कचरा यासाठी शपथ लागते का? अमेरिकेतच एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांनी नागरिकत्वाची इच्छा जाहीर केलेल्या परदेशी लोकांना मत दिलं होतं. शेवटचं राज्य आर्कन्सा, तिथे ते १९२६ मध्ये बंद झालं. आजही मेरीलँडमधलं टकोमा पार्क हे गाव १९९२ पासून आपल्या सर्व रहिवाशांना गावच्या निवडणुकीत मत देतं. तिथे आभाळ कोसळलेलं नाही. उलट न्यूयॉर्क शहराने २०२२ मध्ये असा कायदा केला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला.

आपल्या राज्यात वारं उलट दिशेने वाहतंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांपुढे घटनादुरुस्ती आली. आधीचं वाक्य असं होतं, की अमेरिकेत जन्मलेल्या आणि नागरिकत्व घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीला मताचा हक्क आहे. नवं वाक्य आलं, 'फक्त नागरिकालाच' मत. तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी होकार दिला. प्रत्यक्षात काही बदललं नाही, कारण नागरिक नसलेल्याला आधीही मत नव्हतं. पण 'प्रत्येक' जाऊन 'फक्त' आलं, आणि 'नागरिकत्व घेतलेल्या' हे शब्द गेले. आपल्यासारख्यांचा उल्लेख घटनेच्या त्या कलमात होता, तो पुसला गेला. आपल्यापैकी किती जणांना त्या दिवशी मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला हे आहे, हे माहीत होतं?

नागरिकत्व एकदा मिळालं की कायमचं, असंही धरून चालू नये. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय लोक कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, मुंबई इलाख्यातून आलेले, १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झालेले. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला. पंडित स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. त्या निकालानंतर ही मोहीम थंडावली. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा पुन्हा उघडला तो १९४६ मध्ये; वर्षाला शंभर जणांचा कोटा होता तो देशात येण्यासाठी. आज या खोलीत ज्यांच्याकडे निळा पासपोर्ट आहे, त्यांच्यामागे हा माणूस उभा आहे. आपल्यातल्या फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलंय.

आता कामाचं बोलतो.

जे नागरिक आहेत त्यांच्यासाठी. पुढच्या विषम वर्षाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. नॉर्थ कॅरोलायनात लवकर मतदानाच्या काळात तिथेच नाव नोंदवून त्याच दिवशी मत देता येतं. २०२३ च्या गावोगावच्या निवडणुकांपासून फोटो ओळखपत्र लागतं, ते जवळ ठेवा. शंभरातल्या नऊ जणांच्या निवडणुकीत तुमच्या सोसायटीतली दहा घरं काय करू शकतात, ते तुम्हीच गणित करा.

जे नागरिक नाहीत त्यांच्यासाठी आधी एक इशारा. कृपया चुकूनही मतदार म्हणून नाव नोंदवू नका. लायसन्स काढताना फॉर्मवर 'मतदार व्हायचंय का' अशी चौकट असते, तिथे घाईत खूण करू नका. नागरिक नसताना नाव नोंदवणं किंवा मत देणं याचे परिणाम फार गंभीर होतात, पुढे ग्रीनकार्ड आणि नागरिकत्वही धोक्यात येतं. एच-वनवर असाल तर कुठल्याही उमेदवाराला निवडणूक निधी देऊ नका, तेही बेकायदा आहे. ग्रीनकार्डधारकांना देता येतो. शंका असेल तर वकिलाला विचारा, माझ्यासारख्या संशोधकाला नको.

पण करण्यासारखं पुष्कळ आहे. कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो, आणि तिथे तुमचा व्हिसा कुणी विचारत नाही. काही मिनिटं मिळतात. तयारी करून जा, आकडे घेऊन जा. जमिनीचा वापर बदलण्याच्या सुनावणीला दहा माणसं गेली तरी सभागृहाचा सूर बदलतो. आपल्या काकूंना शटलचा थांबा कुठे हवा, हे सांगायला त्यांना मतपत्रिका लागत नाही. सून भाषांतर करील.

आणि शेवटची गोष्ट जरा अवघड आहे. छेदातून वगळलेले फक्त आपण नाही. आपल्या सोसायटीचं गवत कापणारे, आपली घरं बांधणारे, हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारे, हे बहुतेक स्पॅनिश बोलणारे लोक याच परिसरात राहतात. त्यांनाही मत नाही, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखा वकील नाही, सहा आकडी पगार नाही. आपण मात्र सात टक्क्यांच्या मर्यादेबद्दल बोलताना हळूच म्हणतो, की 'आम्ही कायदेशीर रांगेतले, आम्ही वेगळे'. कायद्याच्या दृष्टीने वेगळे असू. पण गावच्या निकालाच्या कागदावर आपली आणि त्यांची बेरीज सारखीच, शून्य. रांगेतल्या भारतीय इंजिनियरला न्याय हवा असेल, तर तो मागताना शेजारच्या शून्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. इथले सुतार, माळी, स्वयंपाकी यांच्या बाजूने कौन्सिलमध्ये कुणी बोलत असेल, तर ज्यांना मत आहे त्यांनी ते मत देताना तेही मोजावं.

पुढच्या वेळी निकाल लागेल तेव्हा व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे निरोप फिरतील. फिरू द्या. त्यानंतर काउंटीच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर जा, आपल्या केंद्राचे आकडे काढा, एकूण नोंदलेले मतदार किती आणि मतं किती पडली ते बघा, आणि गावची लोकसंख्या शेजारी लिहा. ते तीन आकडे घेऊन पुढच्या बैठकीला या. आपण ते फळ्यावर मांडू आणि ठरवू, की पुढच्या दोन वर्षांत त्यातला कुठला आकडा आपण बदलू शकतो.

आता प्रश्न विचारा. वेळ भरपूर आहे, आणि चहा अजून यायचाय.